लांबवलेला पाळणा

आमच्या सावळवाडीत लोकसंख्येचा प्रश्न अत्यंत गंभीर आहे, ही गोष्ट भुजंगराव साहेब गावात येईपर्यंत आम्हां कुणाला माहीत नव्हती. आमचा समज उलटाच होता. झरीच्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात निम्म्या घरांना कुलपं आहेत. पोरं पुण्याला कंपनीत, सुना पोरांसोबत, आणि टाळ वाजवायला माणसं मिळेनात म्हणून मारुतीच्या देवळात एकादशीचं भजन मोबाइलवर लागतं. आम्ही अडाणी, आम्हांला वाटायचं गावात माणसं कमी पडायलीत. साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवले तेव्हा कळलं की जास्त झालीत.

भुजंगराव साहेब म्हणजे माजी राजदूत. जन्म सावळवाडीचा, शाळा परभणीला, पुढं दिल्ली, आणि मग सगळी नोकरी बर्फाळ देशांत आपल्या देशाची बाजू मांडण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी ‘लोकसंख्या व पर्यावरण संतुलन अभियान’ काढलं आणि पहिलं गाव म्हणून जन्मगाव निवडलं. ही बातमी मी पारावर सांगितली, तेव्हा गावातले सगळ्यांत वडीलधारे दत्तराव आबा म्हणाले, “राजदूत मंजी फटफटी. माझ्या मेव्हण्याकडं व्हती. अन् माजी मंजी काय, बंद पडलेली का?”

“तसं न्हाई आबा. परदेशात आपल्या देशाचे वकील असतात ना, ते.”

“मंग केस जिंकले का हारले?”

मी विषय बदलला. मी सिताराम, अभियानाच्या ग्रामसमितीचा सचिव. सचिवाला सगळं ठाऊक असलंच पाहिजे असा कुठं नियम नाही, आणि ज्यांना तसं वाटतं त्यांनी एकदा समिती चालवून बघावी.

माणूस म्हणून साहेब लाख होते. आवाज मऊ, कपडे साधे. कुणालाही थेट ‘नाही’ म्हणायची त्यांना सवयच नव्हती. पहिली सभा देवळापुढं झाली. लोकसंख्येचा धोका पटवून द्यायचा तर समोर लोकसंख्या लागते, आणि ती गावात पुरेशी नव्हती, म्हणून पिंगळीहून दोन टेम्पो भरून माणसं आणली. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या वाटल्या. रिकाम्या बाटल्यांचा ढीग साहेबांच्या मागच्या फलकापर्यंत आला, त्यामुळं ‘पृथ्वी वाचवा’मधली ‘पृथ्वी’ दिसेनाशी झाली. नुसतं ‘वाचवा’ राहिलं.

साहेब तळमळीनं बोलले. पाणी आटतंय, जमीन दमलीय, खाणारी तोंडं वाढतायत. शेवटी त्यांनी विचारलं, “लोकसंख्या फार झाली आहे, असं किती जणांना वाटतं?”

सगळ्यांचे हात वर गेले. पिंगळीच्या माणसांनी तर दोन-दोन हात वर केले, कारण त्यांना जेवण कबूल केलं होतं.

“आता येवढं सांगा,” दत्तराव आबा म्हणाले, “जास्तीचे कोन?”

 प्रत्येकानं सावकाश मान वळवून शेजारच्याकडं पाहिलं. शेजारचा आधीपासूनच त्याच्याकडं पाहत होता.

“प्रश्न अत्यंत मौलिक आहे,” साहेब म्हणाले. “मी त्याची नोंद घेतो.” साहेबांच्या भाषेत नोंद घेणं म्हणजे विषय संपवणं, हे मला पुढं कळलं.

तेवढ्यात माझी चुलती नर्मदाबाई उठली. काकूला सभेत बोलायची लाज कधीच नव्हती. “साहेब, माझ्या बबिताला सातवा म्हैना लागलाय. लग्नाला नऊ वर्सं झाली. दवाखाने झाले, देव झाले. आता ती पहिलटकरीण मनून माहेराला आलीय. तिनं काय करायचं?”

साहेब गडबडले. “त्यांनी... त्यांनी पाळणा पुरेसा लांबवलेला आहे. माझा रोख इतरांकडे आहे.” आणि मग त्यांनी भाषणाचा शेवट म्हणून ती जुनी सरकारी घोषणा दिली, “पाळणा लांबवा!”

इथून पुढं जे झालं, त्यात कुणाचीही चूक नाही. मी सगळी कागदपत्रं पाहिली आहेत. सगळं नियमानं झालं.

त्याच दिवशी ग्रामसभेनं ठराव केला, ‘पाळणा लांबवण्यात यावा, एकमताने मंजूर.’ ठराव तालुक्याला गेला आणि तिथून पत्र आलं की पाळणा लांबवण्याबाबत काय कार्यवाही केली, मूळ लांबी व वाढीव लांबी फुटांत कळवावी. मी स्वतः जाऊन त्या टेबलावरच्या साहेबांना भेटलो.

“साहेब, तो नुसता बोलायचा पाळणा हाय. तसं म्हणायची पद्धत हाय.”

“ठरावात ‘बोलायचा’ असं लिव्हलंय का?”

“न्हाई.”

“तुमच्या ग्रामपंचायतीकडं पाळणा हाय का?”

“हाय.”

“मंग अडलंय कुठं?”

पाळणा होता, हे खरंच. देवळाच्या कोठीत ठेवलेला, लाकडी राघू आणि खुळखुळे लावलेला जुना पाळणा. रामनवमीला त्यात राम जन्मतो आणि बाकी वर्षभर गावातली लेकरं. सावळवाडीतल्या झाडून सगळ्या माणसांची नावं त्याच पाळण्यात ठेवलेली. बबिताचं त्यातच ठेवलं होतं आणि तिच्या लेकराचंही त्यातच ठेवायचं, असं काकूनं नऊ वर्षांपूर्वी मारुतीपुढं बोलून ठेवलं होतं. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं. पण पाळणा पंचायतीच्या मालमत्तेत धरलेला, त्यामुळं तो लांबवणं हे आता माझं काम होतं.

नागनाथ सुतारानं माप घेतलं. “लांबवतो. पण जुनं, मुरलेलं लाकूड पायजे. लिंबाचं.”

जुना लिंब गावात एकच होता, शाळेपुढचा. त्याला हात लावायला परवानगी मिळणार नाही असं मला वाटत होतं. पण काम पर्यावरण अभियानाचं निघालं, म्हणून ‘विशेष बाब’ या सदराखाली चौथ्या दिवशी परवानगी आली. लिंब पडला. त्याचा मोठा खड्डा झाला. समितीनं तो वृक्षारोपणासाठी राखून ठेवला, नाहीतर खड्डा खणायला वेगळी मजुरी लागली असती. साहेब तेव्हा दिल्लीला होते, त्यांना आम्ही ‘वृक्षारोपणाची पूर्वतयारी पूर्ण’ एवढंच कळवलं.

नागनाथ मन लावून काम करणारा माणूस. पाळणा बाजेपेक्षा लांब झाला. कोठीत मावेना. दार लावलं की दोन पाय बाहेर राहायचे. हेलकावा दिला की एक टोक येतंय तोवर दुसरं निघून जायचं.

“ह्यात तर मीच मावतो,” दत्तराव आबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून दुपारी त्यात झोपायला लागले. तालुक्यानं लांबी पाहून अभिनंदनाचं पत्र धाडलं. इतर गावांनी सावळवाडीचा आदर्श घ्यावा असं त्यात म्हटलं होतं. मी ते पत्र चौकट करून लावलं, त्यात लाजण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही.

साहेब परत आले आणि त्यांनी पाळणा पाहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले. मग म्हणाले, “कलाकृती लक्षणीय आहे.” नंतर आबांकडं पाहून म्हणाले, “आणि लाभार्थीही.” लिंबाच्या खड्ड्यापुढं मात्र ते नुसतेच उभे राहिले. लहानपणी ते त्या लिंबाखाली गोट्या खेळले होते. त्यांचे डोळे भरले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी चुकतंय. पण इतक्यात त्यांनी पत्र काढलं आणि वाटायला वेळ उरला नाही.

दिल्लीच्या एका प्रतिष्ठानाचं पाहणी पथक येणार होतं. गावात लोकसंख्येची वाढ शून्य दिसली, तर ‘संतुलित गाव’ हा किताब आणि रस्त्यावर सौर दिवे. तारीख ठरली होती. त्याच तारखेला बबिताच्या लेकीचं बारसं येत होतं, कारण बबिता परभणीच्या दवाखान्यात मोकळी झाली होती, मुलगी झाली होती आणि बाळंतीण सुखरूप गावात आली होती.

समितीची तातडीची बैठक झाली. मूळ वाद असा की हे मूल कुणाच्या हिशेबात धरायचं. जन्म परभणीचा. बाप रामकिशन पुण्यात नोकरीला, घर तिथलं. पण मूल सावळवाडीत.

“लेकरू जिथं रडतंय तिथलं,” आबा म्हणाले. “रात्रभर मला ऐकू यायलंय.”

साहेबांनी चष्मा पुसला. “आंतरराष्ट्रीय प्रथा वेगळी आहे. परराष्ट्रात मुक्कामी असलेल्या व्यक्तीचं मूल हे त्या व्यक्तीच्या मूळ देशाचं. बबिता सध्या माहेरी आहेत, म्हणजे एका अर्थी पाहुण्या आहेत. मूलही पाहुणं. आपल्या वाढीत ते येत नाही.”

काकू दारात उभी होती. “माहेराला आलेली लेक पाहुणी?” ती एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

साहेब खाली बघायला लागले. त्यांनाही ते लागलं होतं. पण समितीचं चाक एकदा फिरलं की ते साहेबांनाही थांबवता येत नव्हतं. गावात त्या दिवशी पाळणा हलताना दिसला तर पथक काय म्हणेल, असा मुद्दा निघाला. बारसं आठ दिवस लांबवावं असं ठरलं. पाळणाही पथक जाईपर्यंत सील करावा असं ठरलं.

“आधी पाळणा लांबवलात,” काकू म्हणाली, “आता बारसं लांबवा म्हणता. सितारामा, तुझं नाव त्याच पाळण्यात मी ठिवलंय. तुझी आत्या बाळंतीण व्हती तवा, मनून मी तुझ्या कानात कुर्र केलं. ध्यानात हाय का?”

ते ध्यानात असणं शक्य नव्हतं, पण मला फार वाईट वाटलं. सचिव या नात्यानं वाटलेलं वाईट इतिवृत्तात घेता येत नाही, म्हणून घेतलं नाही. कोठीच्या दाराबाहेर पाळण्याचे जे दोन पाय राहत होते, त्यांना दोरी बांधून मी लाखेचं सील मारलं.

पथक यायच्या दिवशी सकाळी देवळात गेलो तर कोठीचं दार सताड उघडं. पाळणा गायब.

बंदोबस्ताला आलेले महारुद्र जमादार नुकतेच चहा घेत बसले होते. मी धावत गेलो. “जमादार, पाळणा लांबवला.”

“हाव, ऐकलं. बाजेयेवढा झाला म्हनं. अभिनंदन.”

“तसं न्हाई. चोरीला गेला. कुणीतरी लांबवला.”

“कुनी?”

“तेच तर इचारायलोय.”

जमादारांनी कप खाली ठेवला. “सिताराम, नीट ऐका. तुमचा ठराव काय? पाळणा लांबवावा. वरचं पत्र काय? पाळणा लांबवल्याबद्दल अभिनंदन. भिंतीवर काय लिव्हलंय? पाळणा लांबवा. आता कुणी तरी तो लांबवला, तर मी त्याला कोन्त्या कलमाखाली धरू? उलट त्याचा सत्कार करावा लागंल.”

 मी काकूला विचारायला तिच्या घरी गेलो. घराला कुलूप. शेजारी कुलूप. आबा बाजेवर नाहीत. पथकाच्या स्वागताला पिंगळीहून पुन्हा आणलेले दोन टेम्पो देवळापुढं उभे, पण त्यांतली माणसं नाहीत. मंडपात खुर्च्याच खुर्च्या, आणि त्यांवर एकही माणूस नाही. गावात मी, साहेब, जमादार आणि मारुती एवढेच उरलो होतो. त्यातले जमादार झरीचे.

पथक आलं. प्रमुख राजेश्री मॅडम, सोबत दोघं. त्यांनी गल्ली पाहिली, कुलपं पाहिली, शांतता ऐकली. मॅडमच्या चेहऱ्यावर हळूहळू कौतुक उमटायला लागलं.

“मी बरीच गावं पाहिली,” त्या म्हणाल्या. “कुठं एक टक्का घट, कुठं दोन. पण इतका परिणाम कुठंच नाही. जन्मदर?”

“आज तरी शून्य,” मी म्हणालो.

“आणि मृत्युदर?”

“मरायला माणूस लागतो, मॅडम.”

त्या लिहून घेत होत्या, इतक्यात ओढ्याच्या पलीकडून वाऱ्याबरोबर बायकांचा आवाज आला. पाळण्याची गाणी. आणि मध्येच शंभर माणसं हसल्याचा आवाज.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

मी मोठ्यानं खोकायला लागलो. साहेब मात्र जागचे हलले नाहीत. कित्येक वर्षांची नोकरी त्यांच्या चेहऱ्यावर आली. “ओढ्याच्या पलीकडे आमची शीव संपते,” ते म्हणाले. “तो शेजारील राष्ट्राचा अंतर्गत मामला आहे. आम्ही त्यावर भाष्य करत नाही.”

किताब तिथंच जाहीर झाला. लिंबाच्या खड्ड्यात मॅडमच्या हस्ते लिंबाचं रोप लावलं आणि पथक गेलं.

मग साहेब आणि मी ओढा ओलांडला. काकूची दोन एकरं शिवेच्या पल्याड आहेत हे मला ठाऊक होतं, फक्त सुचलं नव्हतं. चिंचेच्या आडव्या फांदीला पाळणा टांगला होता. माझं सील तसंच होतं, खुळखुळ्यांसोबत तेही हलत होतं. एका टोकाला बबिताची लेक झोपली होती. दुसऱ्या टोकाला, जागा शिल्लक होती म्हणून, घुगऱ्यांची परात ठेवली होती. पिंगळीची माणसं पंगतीत बसली होती. रामकिशन पुण्याहून येऊन वाढत होता.

साहेबांना पाहून गाणी थांबली. काकू पुढं आली. “तुमचीच अडचण व्हऊ ने मनून शिवंच्या बाहीर केलं, साहेब. गावात एक बी माणूस वाढलं न्हाई. अन् पाळणा लांबवायचं तर तुमीच सांगितलंत, मी जरा लांब आणला.”

 साहेबांनी पाळण्याच्या राघूवरून हात फिरवला. एका राघूची चोच मोडलेली होती.

“ती तुमी मोडली,” काकू म्हणाली. “तुमच्या बारशाला. माझी सासू सांगायची.”

तेव्हा साहेब हसले. दिल्लीचं, बर्फातलं हसू नव्हे, साधं. काकूनं पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली. “मुलीच्या आत्यानं सहा नावं काढलीत अन् तिचं तिलाच पटंना. तुमच्या भाषणातलं येखांदं चांगलं सांगा.”

साहेबांनी विचार केला. “शाश्वती.”

“मंजी?” आबांनी विचारलं.

“म्हणजे टिकणारी.”

“मंग ठिवा,” आबा म्हणाले. “ह्या गावात टिकणारं कुनीतरी पायजेच.” आत्यानं लेकीच्या कानात कुर्र केलं. मी घुगऱ्या खाल्ल्या, दोनदा घेतल्या, आणि त्या दिवसाचं इतिवृत्त लिहिलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर आमचं सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण पथकाचा अहवाल प्रामाणिक होता. ‘गावात निवासी लोकसंख्या आढळून आली नाही,’ असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यावरून आधी एसटीचा थांबा गेला. मग रेशन झरीला जोडलं. सौर दिवेही आले नाहीत, कारण उजेड कुणासाठी पाडायचा असा प्रश्न वर निघाला. मी तालुक्याला गेलो. टेबल तेच, साहेब तेच.

“साहेब, गावात माणसं हायत. मी तुमच्यापुढं उभा हाय की.”

“तुमी व्यक्ती मनून हायत,” ते समजुतीनं म्हणाले. “लोकसंख्या मनून न्हाईत. लोकसंख्या वाढल्याचा पुरावा आणा.”

ताजा पुरावा गावात एकच होता, आणि सव्वा महिना झाला म्हणून तो आईबरोबर पुण्याला निघाला होता. त्यामुळं जी समिती त्या लेकराला पाहुणं ठरवून मोकळी झाली होती, तीच समिती भुजंगराव साहेबांना पुढं घालून काकूच्या दारात गेली. बबितानं आणखी दोन महिने माहेरी राहावं आणि शाश्वतीनं रोज सकाळी एसटीच्या थांब्यावर दिसेल असं रडावं, अशी विनंती साहेबांनी इतक्या नम्रपणे केली की त्यांच्या नोकरीतला तो सर्वोत्तम करार असावा.

“पाहुणीला इतकं दिस ठिवून घेत्यात का?” काकूनं विचारलं.

“ती पाहुणी नाही,” साहेब म्हणाले. “मी माझी भूमिका मागे घेतो.” माझ्या माहितीप्रमाणं त्यांनी आयुष्यात एवढी एकच भूमिका मागे घेतली.

बबिता राहिली. थांबा परत आला. साहेबही राहिले, लिंबाच्या रोपाला रोज पाणी ते स्वतः घालतात. गेल्या आठवड्यात पुन्हा सभा झाली. या वेळी पिंगळीहून माणसं आणली नाहीत. साहेब आता घोषणा देत नाहीत, पण सवय जात नाही, त्यांनी तोच प्रश्न विचारला, “लोकसंख्या फार झाली आहे, असं किती जणांना वाटतं?” सगळ्यांचे हात वर गेले. आबांचा गेला, माझा गेला, मांडीवर शाश्वतीला घेऊन बसलेल्या काकूचासुद्धा गेला.

तुमचाही गेला असेल. असू द्या वर, लाजू नका. फक्त जास्तीचे कोण म्हणून शेजारच्याकडं बघू नका. तो मघापासून तुमच्याकडंच बघायलाय.